वाशिष्ठीचा जलमार्ग आखण्यापूर्वी : अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण आणि सागरी मंडळ यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण, नोएडा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

विषय : राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ (दाभोळ खाडी–वाशिष्ठी नदी) आणि खाडीकाठच्या गावांचे हक्क

महोदय,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम १२ एप्रिल २०१६ रोजी अमलात आला आणि देशातील १११ जलमार्ग त्याच्या अनुसूचीत नोंदले गेले. त्यांत अठ्ठाविसाव्या क्रमांकावर दाभोळच्या मुखापासून चिपळूणजवळच्या पेढे येथील पुलापर्यंतची वाशिष्ठी आहे. लांबी सुमारे ४५ किलोमीटर. दापोली, खेड, चिपळूण आणि गुहागर या चार तालुक्यांची गावे या पंचेचाळीस किलोमीटरच्या दोन्ही काठांवर वसलेली आहेत, आणि त्यांतील शेकडो घरांची चूल आजही खाडीत काय मिळते यावर पेटते. ही नदी राष्ट्रीय जलमार्ग झाल्याचे या घरांपैकी बहुतेकांना वर्तमानपत्रातून किंवा कोणाच्या तरी सांगण्यातून कळले. या मार्गावर गाळउपसा, धक्के किंवा मालवाहतूक यांचे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी आपण खाडीकाठाशी थेट बोलावे, आणि आमची खाडी ज्या गोष्टींवर जगते त्या आपल्या आराखड्यात आधी नोंदवाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. खाडीतून बोटी चालण्याला आमचा विरोध नाही. तसा विरोध करणे आमच्या इतिहासालाच धरून होणार नाही. बहमनी आणि नंतरच्या आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. होर्मुझ आणि अरबस्तानाकडे जाणारी गलबते येथून सुटत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानातून परत निघाला तो याच बंदरातून, आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ज्या निर्दयतेने दाभोळ जाळले, त्यावरूनही हे बंदर किती मोलाचे होते ते समजते. दाभोळला उतरलेला माल भरतीच्या पाण्यावर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येई आणि तेथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाई. पुढे आगबोटींच्या काळात मुंबईहून येणारा चाकरमानी दाभोळला उतरून लाँचने खाडीतून आत येत असे. रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि हा मार्ग ओस पडत गेला. २००३ मध्ये दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट सुरू झाली तेव्हा मात्र लोकांनी ती लगेच आपलीशी केली, कारण दापोलीहून गुहागरला जाण्यासाठी खाडीला घालावा लागणारा मोठा वळसा तिने वाचवला. जयगड–तवसाळ किंवा वेश्वी–बागमांडला या फेरीबोटींचा अनुभवही वेगळा नाही. लोकांच्या रोजच्या गरजेतून निघालेली जलवाहतूक कोकणात रुजते, हे सिद्ध झालेले आहे.

म्हणूनच आमचा पहिला प्रश्न असा आहे की वाशिष्ठीतून नेमके काय वाहून न्यायचे आहे? रायगड जिल्ह्यातील अंबा नदी हा जलमार्ग क्रमांक १० आहे आणि धरमतर खाडीतून तेथे मालवाहू बार्जेस मोठ्या प्रमाणात चालतात, परंतु तेथे काठालाच पोलादाचा कारखाना आहे आणि त्याला कोळसा व खनिज लागते. वाशिष्ठीच्या काठावर असा कारखाना नाही. मुखाशी अंजनवेलला वीजप्रकल्प आणि द्रवरूप वायूचे टर्मिनल आहे, पण त्यांचा व्यवहार समुद्राच्या बाजूने चालतो, त्यांना पेढे गावापर्यंतच्या खाडीची गरज नाही. मग उरते ती लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत. तिच्यासाठी रसायने या अरुंद आणि वळणावळणाच्या खाडीतून नेण्याचा विचार असेल, तर तो आम्हाला आजच आणि स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. खाडीच्या मध्यावर असे एखादे बार्ज रुतले किंवा फुटले, तर भरती-ओहोटी ते द्रव्य काही तासांत वर-खाली दोन्ही दिशांना पसरवील. ते अडवण्याची साधने आज या खाडीत कोणापाशी आहेत, याचे उत्तर आराखड्यात असायला हवे.

लोट्याचा उल्लेख निघालाच आहे तर तो विषय पुरताच मांडतो, कारण या खाडीवर आधीच काय ओझे आहे हे समजल्याशिवाय नव्या ओझ्याचा हिशेब लागणार नाही. वसाहतीचे सांडपाणी प्रक्रियेनंतर करंबवणे खाडीत सोडण्याची व्यवस्था आहे. प्रक्रिया न झालेले किंवा अर्धवट झालेले पाणी नाल्यांतून कोतवलीकडे उतरते आणि मासे मरून तरंगतात, ही तक्रार खाडीकाठचे भोई आणि दालदी हे मच्छीमार समाज अनेक वर्षे करत आले आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची आणि त्यामुळे मच्छीमारांच्या झालेल्या नुकसानीची दखल घेतलेली आहे. जी रसायने इतकी वर्षे खाडीत येत राहिली, त्यांचा काही अंश तळाच्या गाळात बसून आहे, हे मानायला फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. बोटींचा मार्ग खोल करण्यासाठी हा गाळ ढवळला गेला, तर तळाशी निवांत पडलेले पुन्हा पाण्यात मिसळेल. त्यासाठी आमची मागणी अशी की करंबवणे ते दाभोळ या पट्ट्यातील तळगाळाची जड धातू आणि रासायनिक अवशेष यांसाठी तपासणी स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. ही तपासणी होईपर्यंत गाळ उपसणारा ड्रेजर खाडीत उतरू नये.

आता गाळाविषयी. वाशिष्ठीच्या गाळाचा विषय चिपळूणकरांसाठी जिवाचा आहे. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला होता. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी सह्याद्रीत कोसळलेला पाऊस खाली उतरला आणि त्याच वेळी भरतीने त्याची वाट अडवली. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागले, दुकाने आणि घरे चिखलाने भरली, माणसे गेली. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक लोक वाहून गेले, ते पाणी आणि ती मातीही याच नदीत आली. महापुरानंतर चिपळूणच्या नागरिकांना गाळ काढा ही साधी मागणी मान्य करून घेण्यासाठी साखळी उपोषणाला बसावे लागले. मग पात्रातील गाळ आणि बेटे काढण्याचे काम सुरू झाले, त्यात शासनाच्या यंत्रणेबरोबर नाम फाउंडेशननेही हातभार लावला.

या पार्श्वभूमीवर जलमार्गाचा गाळउपसा म्हणजे पुरावरचा उपाय, असे कोणी सांगू लागले तर लोक सहज विश्वास ठेवतील. हा समज आपण पसरू देऊ नये, ही विनंती आहे. बोटींसाठी पात्राच्या मध्यातून एक ठरावीक रुंदीची आणि खोलीची वाट मोकळी करतात. पुराचे पाणी जायला पात्राचा सगळा छेद मोकळा लागतो, अडथळे हटावे लागतात आणि काठावरील पाणथळ जागा भरावापासून वाचवाव्या लागतात. इतकेच नव्हे तर मुखापासून वरपर्यंत वाट खोल झाली की भरतीचे पाणी अधिक जोराने आणि अधिक आतपर्यंत शिरते. नेमक्या उधाणाच्या दिवशी वरून लोंढा आला, तर त्याचा परिणाम चिपळूणवर काय होईल याचे गणित मांडल्याशिवाय एक फूटही खोली वाढवणे धोक्याचे आहे. पाटबंधारे विभागाने शहरात निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या, त्यांवरून घरे बांधण्याचे आणि विकण्याचे व्यवहार अडले. सामान्य माणसाला त्या रेषेचे बंधन असेल, तर नदीचा तळ बदलणाऱ्या यंत्रणेलाही तिच्यापुढे उत्तर द्यावे लागले पाहिजे.

भरती आत शिरण्याचा दुसरा परिणाम शेतीवर आणि विहिरींवर होतो. खाडीकाठची खाजणे, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनी, बांध घालून भाताखाली आणलेली आहेत. बांध फुटला की खारे पाणी शेतात येते आणि ती जमीन पुन्हा गोडी होण्यासाठी कित्येक पावसाळे जातात. मोठ्या बोटींच्या लाटा दिवसातून अनेकदा मातीच्या बांधावर आपटत राहिल्या, तर त्याची डागडुजी कोणी करायची? खारभूमी विभागाकडे आजच असलेल्या बांधांसाठी पुरेसे पैसे येत नाहीत, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. बोटींच्या वेगावर मर्यादा आणि बांधांच्या दुरुस्तीची जबाबदारी या दोन्ही गोष्टी जलमार्गाच्या खर्चातच धरल्या गेल्या पाहिजेत. उपसलेला गाळ कोठे टाकणार हेही आधी सांगावे लागेल. काठावरील तिवरांची आणि चिपीची झाडी, म्हणजे कांदळवन, मोकळी जागा समजून तिथे गाळाचे ढीग लावण्याचा मोह ठेकेदाराला होतोच. कांदळवनांची नासधूस करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर मनाई केलेली आहे. ही मनाई निविदेच्या अटींमध्ये शब्दशः यायला हवी, आणि गाळ टाकण्याच्या जागा ग्रामसभेच्या संमतीने ठरायला हव्यात.

या नदीची एक गोष्ट दिल्लीत बसून नकाशा पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. वाशिष्ठीत उन्हाळ्यात जे पाणी दिसते, त्यातील बरेचसे तिचे स्वतःचे नाही. कोयनेचे पाणी घाटाखाली आणून पोफळी आणि अलोरे येथे वीज तयार होते आणि त्यानंतर बाहेर पडणारे पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीत सोडले जाते. कोयना प्रकल्पासाठी कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेकडे पाणी वळवण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी इतकी आहे. कोकणातील इतर बऱ्याच नद्या एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या पडतात तेव्हा आमची वाहती असते, ती याच पाण्यामुळे. परंतु ते पाणी विजेच्या मागणीप्रमाणे येते. जनित्रे चालू झाली की पातळी चढते, थांबली की उतरते. गोवळकोटच्या वरच्या भागात होडी घालणाऱ्याला भरती-ओहोटीबरोबर हेही वेळापत्रक सांभाळावे लागते. हे अवजल मुंबईकडे किंवा अन्यत्र नेण्याच्या योजना वेळोवेळी पुढे येतात. उद्या तसा निर्णय झाला, तर ज्या खोलीच्या भरवशावर जलमार्गाचे गणित मांडले जाईल तीच उरणार नाही, आणि खारे पाणी आजच्यापेक्षा कितीतरी वर चढेल. तेव्हा जलसंपदा विभाग, महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी आणि आपण यांनी एकत्र बसून या पाण्याविषयी लेखी हमी तयार केल्याशिवाय जलमार्गावर खर्च करणे म्हणजे पाया न पाहता भिंत उभारण्यासारखे होईल. अवजल सोडण्याच्या वेळा खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना आदल्या दिवशी कळवण्याची पद्धत तर जलमार्ग होवो न होवो, उद्यापासूनच सुरू करता येईल. त्यासाठी मोबाइलवर एक संदेश पाठवण्यापलीकडे काही लागत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे, त्यांच्याकडे येतो. दाभोळ, वेलदूर, नवानगर येथील मोठ्या नौका समुद्रात जातात. त्यांची नोंद आहे, परवाने आहेत, सोसायट्या आहेत, त्यांचे म्हणणे निदान कागदावर तरी पोहोचते. पण धोपाव्यापासून परचुरी, मालदोली, केतकी, करंबवणे, कालुस्ते असे वर येत जावे तसा मच्छीमार लहान होत जातो. त्याची होडी वल्ह्याची असते. पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन तो गुडघाभर पाण्यात उभा राहतो, किंवा प्रवाहाच्या तोंडावर खुंट रोवून जाळे बांधतो आणि पाणी फिरण्याची वाट पाहतो. बोय, शेंगटी, खरबी, तांबोशी, कोळंबी जे मिळेल ते सकाळी बाजारात जाते. त्याच्या घरातल्या बाया ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे काढतात, कुर्ल्या पकडतात, आणि पाटी घेऊन चिपळूणच्या किंवा खेडच्या बाजाराला बसतात. जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते तेव्हा खाडीतल्या या मासळीवर कितीतरी जास्त लोक अवलंबून असतात.

मोठ्या बोटीची वाट आणि खुंटाचे जाळे यांची जागा एकच आहे, कारण प्रवाहाला जिथे जोर आणि पाण्याला जिथे खोली, तिथेच जाळे भरते. जलमार्गाच्या खुणा पाण्यात बसल्या की आजोबा-पणजोबांच्या काळापासून ज्या जागी एका घराचे खुंट उभे आहेत, तेथे ते अडथळा ठरतील आणि ते काढण्याची नोटीस येईल. त्या जागेचा सातबारा नसतो. कोणाची जागा कोठून कोठपर्यंत, हे गावाने आपसांत ठरवलेले असते, आणि त्यावरून तंटा झालाच तर गावकीत मिटतो. हा हक्क कायद्याच्या भाषेत लिहिलेला नाही म्हणून तो नाहीच असे धरून आपण चाललात, तर पहिल्याच दिवशी अन्यायाला सुरुवात होईल. त्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या मदतीने, प्रत्येक गावातील जाणती माणसे आणि बाया होडीत बरोबर घेऊन, खुंटांच्या जागा, पाग टाकण्याच्या जागा, तिसऱ्यांची आणि कालवांची भाटे (ओहोटीला उघडी पडणारी जागा), माशांची अंडी घालण्याची ठिकाणे यांचा नकाशा तयार करावा. बोटींची वाट त्या नकाशावर शेवटी आखावी. जेथे टक्कर अटळ असेल तेथे भरपाई एकरकमी देऊन हात झटकू नयेत. बुडालेले उत्पन्न दरवर्षी बुडते, म्हणून भरपाईही दरवर्षी मिळाली पाहिजे, आणि ती घरातील बाईच्या नावानेही मिळाली पाहिजे, कारण तिसऱ्या काढणारी तीच आहे.

वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि मालदोली-केतकीकडे त्या पाहायला पर्यटक येतात. काठावर उन्हाला पडलेली मगर दाखवून काही तरुणांनी होडीचा व्यवसाय उभा केला आहे. परचुरीलाही खाडीच्या पर्यटनाने चार पैसे येऊ लागले आहेत. जलवाहतूक वाढवायचीच असेल, तर सुरुवात इथून करता येईल. गोवळकोट ते दाभोळ अशी प्रवासी लाँच पुन्हा सुरू करावी, मधल्या गावांचे मोडकळीला आलेले धक्के दुरुस्त करावेत, शाळेत जाणारी मुले आणि बाजाराला जाणाऱ्या बाया यांना परवडेल असे तिकीट ठेवावे. अशा लाँचला थोडेच पाणी पुरते आणि भरतीचे वेळापत्रक सांभाळून ती चालवली तर तळाला फारसा हातही लावावा लागणार नाही. चालवण्याचे काम खाडीकाठच्या तरुणांच्या सहकारी संस्थेला द्यावे. या वाटेची वळणे, खडक आणि भाटे त्यांना ठाऊक आहेत, आणि दाभोळच्या मुखाशी वाळूचा दांडा ऋतूप्रमाणे कसा सरकतो हे टाळकेश्वरच्या दीपस्तंभाखालून रोज होडी घालणाऱ्याइतके कोणत्याही सर्वेक्षणाला कळणार नाही.

वाळूविषयी एक वाक्य जोडणे भाग आहे. या खाडीत हातपाटीने वाळू काढणारेही आहेत आणि सक्शन पंप लावणारेही आले. पंपांनी किनारे कसे खचवले ते काठावरच्या लोकांनी पाहिले आहे. जलमार्गाचा गाळउपसा हे पुढे वाळूउपशाचेच दुसरे नाव ठरू नये, यासाठी उपसलेल्या प्रत्येक ब्रासचा हिशेब जाहीर फलकावर लागला पाहिजे.

आपल्याकडे सविस्तर प्रकल्प अहवाल असेल, तर त्याचे मराठी भाषांतर चारही तालुक्यांच्या पंचायत समित्यांमध्ये आणि खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावे. इंग्रजीतील शेकडो पाने संकेतस्थळावर चढवून माहिती दिल्याचे समाधान मानू नये. त्यानंतर सुनावणी घ्यावी, आणि ती रत्नागिरीला जिल्हाधिकारी कार्यालयात न घेता दाभोळ, परचुरी, करंबवणे आणि गोवळकोट अशा चार ठिकाणी घ्यावी, कारण मुखाजवळच्या गावांचे प्रश्न आणि पुलाजवळच्या गावांचे प्रश्न एक नाहीत. प्राधिकरण, सागरी मंडळ, जलसंपदा, मत्स्यव्यवसाय, खारभूमी, कांदळवन कक्ष आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी त्या दिवशी एकाच मांडवात हजर असावेत. एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि माणसाने बोटीचे भाडे खर्च करून हेलपाटे घालायचे, हे फार वर्षे चालले आहे.

तारीख ठरवताना तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ असते, आणि त्या दिवसांत खुंटाच्या जाळ्यावरचा माणूस ते सोडून येऊ शकत नाही. त्याची महिन्याची कमाई त्याच दिवसांची असते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तेव्हा तो मोकळा असतो. सुनावणी भांगाच्या दिवसांत, पावसाळा सोडून, दुपारनंतर ठेवावी, म्हणजे बाजार आटोपून बायाही येतील. तारीख किमान एक महिना आधी गावात दवंडी देऊन कळवावी.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला नम्र,
खाडीकाठचा एक रहिवासी
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी